धारवाड आणि सांगलीच्या मधे

आमच्या माडीवर एक जुना ट्रान्झिस्टर आहे. त्याचा काटा गेली सहा वर्षं एकाच जागी उभा आहे, धारवाड आकाशवाणी आणि सांगली आकाशवाणी यांच्या मधे कुठंतरी. तिथं कन्नड लागत नाही, मराठीही लागत नाही, नुसती खरखर येते. मागं एकदा मेव्हणे मुक्कामाला आले होते. त्यांना वाटलं यंत्र बिघडलंय. त्यांनी मोठ्या आपुलकीनं काटा फिरवून बातम्या लावून दिल्या आणि मी रात्री साडेअकराला उठून परत ती खरखर शोधत बसलो. बेळगावात दोन्ही भाषांच्या मधली रिकामी जागा फक्त मलाच सापडली, असं मी चारचौघांत म्हणतो. लोक हसतात. आमची ही हसत नाही, तिनं ते फार वेळा ऐकलंय.

माझे कान वाजतात. डावा जास्त, उजवा त्याच्या साथीला. बाहेर काहीही वाजत नसताना आत एक बारीक, सरळ, न थांबणारी शिट्टी चालू असते. डॉक्टरी भाषेत टिनिटस, आयुर्वेदात कर्णनाद. सुश्रुतानं कानाचे २८ रोग मोजलेत, त्यात हा आहे. माधवनिदानात तर वर्णनही आहे, की या रोग्याला भेरी, मृदंग, शंख असे नाना स्वर ऐकू येतात. वाचून मला जरा हेवाच वाटला. मृदंग मिळाला असता तर निदान ताल तरी धरता आला असता.

आमच्या समोरच्या अज्जींना सांगितलं तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, "किवी मोरेत." कन्नडात किवी म्हणजे कान आणि मोरेत म्हणजे गाज, समुद्राची असते तशी. हा शब्द मला फार आवडला. खरं माझ्या कानात समुद्र नाही. (हे 'खरं' आमच्याकडचं, पुण्याच्या वाचकांनी 'पण' असं वाचावं.)

हे आलं कुठून, ते शोधायला लांब जायला नको. मी बेळगावातल्या वडगावचा. आमच्या घरात खाली यंत्रमाग आणि वर माणसं. चार माग एकदम चालायचे तेव्हा भिंतीवरच्या देवाच्या तसबिरी सुद्धा थरथरायच्या. आडवं सूत नेणारा धोटा या टोकाहून त्या टोकाला आपटत जायचा आणि ती खटखट दिवसभर अंगात मुरायची. मागावर बोलणं म्हणजे ओठ वाचणं. बाबा कारागिराला दोन बोटं दाखवायचे, तो समजायचा की धोट्यातली सुताची कांडी संपत आलीय. जेवायला हाक मारण्यात अर्थच नसायचा, म्हणून आई जिन्यावर उभी राहून मागाच्या खोलीतला दिवा दोनदा चालू-बंद करायची. वीज गेली की अख्खी गल्ली एकदम गप्प व्हायची आणि मग लक्षात यायचं, की आपण सगळे ओरडून बोलतोय. ती वीज जाण्याची शांतता मला लहानपणी सणासारखी वाटे. मी स्वतः अकरा वर्षं माग चालवला. कानात काही घालायचं असतं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी आम्ही हसलो असतो. मागाच्या आवाजावरून तर कळतं, की धागा कुठं तुटला.

माग विकले, पतसंस्थेत नोकरीला लागलो, आणि तिथल्या शांत टेबलावर पहिल्यांदा ती शिट्टी ऐकू आली. मी आधी पंख्याकडं बघितलं, मग ट्यूबलाइटकडं. दोन्ही बंद करून बघितले. शेजारचा कारकून माझ्याकडं बघू लागला.

कानाच्या तपासणीत ऐकण्याचा आलेख काढला. ४००० हर्ट्झच्या उंच सुरापाशी रेघ विहिरीत पडल्यासारखी खाली गेलेली. तपासणाऱ्या मुलीनं विचारलं, "अंकल, फॅक्टरीत होता काय?" सतत मोठ्या आवाजात राहिलेल्या कानांचा खड्डा बहुधा तिथंच पडतो म्हणे. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसांच्या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. तिकडून येणारं येईनासं झालं की मेंदू आपला आवाज वाढवून बसतो, जसं दूरचं स्टेशन लागेना म्हणून आपण बटण पिळत जातो, आणि मग स्टेशनाऐवजी खरखरच मोठी होते. ट्रान्झिस्टरवाल्या माणसाला हे लगेच कळलं.

मग तिनं एक गोष्ट केली, ती मी विसरणार नाही. माझ्या कानाला हेडफोन लावून ती एकेक सूर देत गेली. हा? नाही, वरचा. हा? जरा खाली. आणि ६००० च्या आसपास एका सुरावर मी खुर्चीतच ताठ झालो. हाच. इतकी वर्षं जी गोष्ट फक्त माझ्या डोक्यात होती ती टेबलावरच्या यंत्रातून बाहेर वाजत होती. आपल्या मुलखात हरवलेलं माणूस परमुलखातल्या बसस्टँडवर भेटावं तसं झालं.

त्याआधी मी एक चूक करून ठेवली होती. शिट्टीच्या जोडीला आवाजच सोसेनासे झाले होते. सगळे नव्हे, ठरावीक. मागाच्या खटखटीवर वाढलेला माणूस, पण स्टीलच्या ताटावर स्टीलचा चमचा पडला की कानात सुई. कुकरची तिसरी शिट्टी. खडेबाजारातला मागून येणारा रिक्षाचा हॉर्न. म्हणून मी कानात कापूस घालून फिरू लागलो, घरातसुद्धा, झोपतानासुद्धा. दोन-तीन महिन्यांत अशी गत झाली, की हिनं वर्तमानपत्राची घडी घातली तरी मी दचकायचो. त्या मुलीनं कापूस काढायला लावला. दिवसभर अंधारात बसणाऱ्याला ऊन कसं सोसणार, असं ती म्हणाली. मिरवणुकीत, लग्नाच्या बँडपुढं जरूर काहीतरी घाला, आणि कापूस नको, फोमचे बोळे घाला. घरात मात्र आवाज असू द्या. बारीक, सतत, कंटाळवाणा. आणि शिट्टी बुडेल इतका मोठा लावू नका, तिच्यापेक्षा जरा खालीच ठेवा. दोन्ही ऐकू आलं पाहिजे, म्हणजे मेंदू हळूहळू तिचं महत्त्व कमी करतो.

शांतता हे औषध असेल अशा समजुतीत मी होतो. १९५३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चांगल्या कानांच्या ८० माणसांना एकेक करून पाच-पाच मिनिटं आवाजबंद खोलीत बसवलं होतं. त्यातल्या ९४ टक्के लोकांनी सांगितलं, की काहीतरी ऐकू आलं. म्हणजे पुरेशी शांतता मिळाली तर कुणाच्याही आत काही ना काही वाजतंच. हे कळल्यावर मी पतसंस्थेतल्या कारकुनाकडं जरा आपुलकीनं बघू लागलो.

आता माझं पंचांग वेगळं आहे. जून ते सप्टेंबर माझा सुगीचा काळ. बेळगावचा पाऊस मंगळुरी कौलांवर रात्रभर बारीक पडत राहतो, पन्हळीतून पाणी गळतं, मागं डबक्यात बेडूक, आणि मी अंथरुणावर पडल्या पडल्या झोपतो. त्या दिवसांत मला खरे रातकिडे कुठले आणि माझा कुठला ते सांगता येत नाही. "बाहेर रातकिडे ओरडालेत काय?" असं विचारावं लागतं. गणपतीचे दिवस वाईट. विसर्जनाची मिरवणूक मी कपिलतीर्थापर्यंत कधी सोडली नव्हती, आता डीजेच्या गाड्या दिसल्या की खिशातले बोळे कानात आणि पाय गल्लीबोळात. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून कागदावर आहे, त्याबद्दल मी काही बोलत नाही. पण ढोल मात्र मी उभा राहून ऐकतो. ढोलाचा त्रास होत नाही, तो का होत नाही हे मला कुणी सांगितलेलं नाही. जानेवारीच्या रात्री सगळ्यांत लांब. थंडीनं किडेसुद्धा गप्प. मग ट्रान्झिस्टर.

त्या खरखरीवरून पहिल्या आठवड्यात घरात भांडण झालं होतं. ही म्हणाली, तुमच्या कानाचं ठीक, आमच्या कानांनी काय पाप केलंय? शिवाय सेल किती खातो तो. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मुलाकडून मोबाइलवर सूर वाजवणारं अॅप घालून घेतलं, ६००० वर आणलं, आणि ती तांदूळ निवडत बसली होती तिथं सुपाजवळ ठेवून दिलं.

तिनं मान वाकडी करून ऐकलं. "एवढंच होय?"

मी तिथंच बसून राहिलो. ती निवडत राहिली. मिनिटभरानं म्हणाली, "आता बंद करा की."

मी बंद केलं.

"झोपताना पण असतं?"

"असतं."

"आता पण आहे?"

"आहे."

तिनं एक खडा काढून सुपाच्या कडेला ठेवला. संध्याकाळी गणपत गल्लीतून आली तेव्हा पिशवीत भाजीच्या खाली चार सेल होते.