एकट्याने स्पिती: शिमल्याकडून चढा, दुपारी दोनला थांबा

हिमाचलमधल्या स्पितीला बाईकने जायचं तर शिमल्याकडून चढावं आणि मनालीकडे उतरावं, या मताचा मी आता पक्का झालोय. उलट गेलात तर मनाली सोडल्यावर लगेच साडेचार हजार मीटरवरची ‘कुंझुम ला’ ही खिंड समोर येते. विरळ हवेने डोकं धरलं, उलट्या सुरू झाल्या, तर एकट्याला बघायला कोण? शिमल्याकडून नारकंडा, रामपूर, रेकाँग पिओ, नाको अशी उंची बेताबेताने वाढते आणि शरीर जमवून घेतं.

किन्नौरमध्ये रस्ता सतलजच्या वर कड्यात कोरलेला आहे, डोक्यावर खडकाचं छप्पर. फोटोसाठी तिथे थांबू नका, वरून दगड येतात. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. पूल ओलांडून वळणावळणांनी नाकोकडे चढायला लागलं की हिरवा रंग जवळपास संपतोच. मघाशी शेजारून धडधडत जाणारी नदी खाली दोऱ्याएवढी दिसते.

पण या वाटेवर सगळ्यात जास्त चालतं ते घड्याळाचं. उन्हाने बर्फ वितळतं आणि दुपारनंतर नाले फुगतात. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी संध्याकाळी गुडघ्याला लागतं, आणि गढूळ झाल्यामुळे तळाचे गोटे दिसत नाहीत. त्यातच दरीत वारा सुटतो. म्हणून मी उजाडताना निघायचो आणि पुढे रस्ता कितीही मोकळा दिसला तरी दोनच्या सुमारास गाडी बाजूला घ्यायचो. तंबू उभारायला, पाणी भरायला, चेनला तेल द्यायला उजेड पुरला पाहिजे.

ताबोच्या अलीकडे जमीन मालकाला विचारून तंबू लावला. (विचाराच. सपाट दिसणारा तुकडा बहुतेक वेळा कुणाचं तरी शेत असतं.) खुंटी बोटभर आत गेली आणि खणकन वाजली, खाली नुसते गोटे. अशा जागी खुंट्या वाकवत बसू नका. ताणाची दोरी लांबट दगडाला बांधायची, तो आडवा ठेवायचा आणि त्यावर दुसरा जड दगड. रात्रभर वाऱ्याने कापड फडफडत होतं, पण दगड हलले नाहीत. बाईकचा आडोसा घेऊन झोपायचा मोह होतो, तो टाळा. साइड स्टँडखालची रेती खचली तर अख्खी गाडी अंगावर. स्टँडखाली चपटा दगड हवाच. कोरडा नाला आणि घसाऱ्याचा (सुट्या दगडांच्या उताराचा) पायथा या दोन जागा कितीही छान वाटल्या तरी सोडा.

सकाळी ताबोचा मठ जरूर बघा, इसवी सन 996 चा आहे. बाहेरून साध्या मातीच्या भिंती, आत डोळे अंधाराला सरावले की चित्रं दिसायला लागतात.

पेट्रोल रेकाँग पिओच्या खाली पोवारीला भरा, पुढचा भरवशाचा पंप थेट स्पितीतल्या मुख्य गावी, काझाला, सुमारे 200 किलोमीटरवर. मनालीपर्यंतचं काझालाच भरून घ्या. चढावर इंजिन दम टाकतं आणि पेट्रोल जास्त खातं, त्यामुळे घरचं मायलेज धरून हिशेब करू नका. गॅसचं छोटं सिलिंडर आणि पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, गारठले की दोन्ही कामातून जातात. तंबूच्या आत स्टोव्ह मात्र कधीच नाही.

चंद्रताल तलावाच्या काठावर तंबू लावायला बंदी आहे, मुक्काम अलीकडच्या कॅम्पवरच करावा लागतो. कुंझुम उतरल्यावर बातल ते ग्राम्फू मला दगडगोट्यांचाच रस्ता मिळाला. इथे गाडी आडवी झाली तर आधी सामान सोडवा, गिअर टाका, मग सीटला पाठ लावून पायांच्या जोरावर उचला. भरलेली गाडी एकट्याने उचलायला गेलात तर कंबर जाईल. दगडांसाठी टायरमधली हवा कमी केली असेल तर मनालीच्या अलीकडच्या अटल बोगद्याच्या आधीच पंपाने भरून घ्या. बोगदा 9 किलोमीटरचा आहे आणि आत थांबायला मनाई आहे.