करवंदीला कूलरचं पाणी

२ जून, सोमवार

सकाळी साडेसहालाच अंगण तापायला लागलं होतं. काल ४४ अंश होतं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, संपत आला, पण नागपूरच्या उन्हाला ते कुणी कळवलेलं दिसत नाही. वॉल कंपाउंडच्या कोपऱ्यात करवंदीवर मोजून अकरा करवंदं होती. आज सात. चार बुलबुलांनी नेली. मग उरलेल्यातली पिकलेली पाच मी तोडूनच घेतली. देठातून पांढरा चीक आला आणि बोटं एकमेकांना चिकटली.

या झाडासाठी चौथा उन्हाळा. माझं माहेर पाटणकडचं. तिथे करवंदी कुणी लावत नाही, जाळ्या असतातच. बायका पळसाच्या पानांच्या द्रोणांत विकतात, "डोंगरची काळी मैना" म्हणत. २०२२ च्या जूनमध्ये आईने डबाभर करवंदं दिली होती, रेल्वेत अर्धी फुटली. त्यांच्या बिया धुऊन सावलीत वाळवल्या आणि चार दिवसांत लावल्या. करवंदाची बी ठेवून चालत नाही, ताजी असेल तरच रुजते. दुधाच्या पिशव्यांत वीस लावल्या, अठराव्या दिवशी पहिलं हिरवं टोक दिसलं, एकूण नऊ आली.

त्यातली सहा मीच मारली. लाडाने.

आमच्याकडची माती काळी. पावसात फुगते, पाणी धरून बसते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. डोंगरउतारावर दगडधोंड्यांतून वाढणाऱ्या झाडाला ही माती म्हणजे बिछान्यात बुडवून मारणं. चार रोपं पहिल्याच पावसाळ्यात पिवळी पडली. उपटून पाहिलं तर मुळं काळी, बुळबुळीत. पुढच्या उन्हाळ्यात दोन रोपं मी मुद्दाम कूलरखाली लावली, टपटपणारं पाणी वाया जायला नको म्हणून. सासूबाई पडवीत बसून बघत होत्या. "काहून एवढं पाणी घालून राहिली बाई त्याले? ते रानातलं पोर हाय, त्याले कूलर कशाले पाह्यजे?" मी ऐकलं नाही. दोन्ही गेली.

मग उरलेल्या तिघांसाठी दीड-दीड फुटाचे खड्डे खणले. निम्म्याहून जास्त मुरूम, थोडं शेणखत, आणि माती अशी चढवली की बुंधा उंचवट्यावर राहील. कुंपण करायचं म्हणून तीन-तीन फुटांवर लावली. पहिलं वर्ष उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली. आता तीही नाही. मोकाट गाई एकदा हुंगून गेल्या, पुन्हा फिरकल्या नाहीत. काटे दुबेळक्याचे, एकातून साडी सोडवावी तर दुसरा धरतो.

एकाच झाडाला यंदा फुलं आली, फाल्गुनात. पांढरी, जाईसारखी, संध्याकाळी वास अंगणभर. बाकीची दोघं नुसती काटे वाढवून राहिलीत. बियांपासून केलं की असंच, कुणी तिसऱ्या वर्षी देतं, कुणी वाट बघायला लावतं. फांदी खोचून लागत नाही, ते करून झालं. गेल्या पावसाळ्यात फांदीला झाडावरच मुळं फुटावीत म्हणून गुटी बांधली होती: बोटभर रुंद साल काढली, चीक पुसला, ओलं शेवाळ लावून प्लास्टिक आवळलं. तीनातल्या एकीलाच मुळं आली. ते रोप मी शेजारच्या काकूंना दिलं. त्या त्याला रोज पाणी घालतात. मी गप्प.

दुपारी चिरंजीवांनी विचारलं, आइस्क्रीममधलं ब्लॅक करंट ते हेच का. नाही रे. ते थंड देशातलं झुडूप, त्याला हिवाळा कडक लागतो, इथे बिचारं एप्रिलही बघणार नाही. आपली करवंदी सदाफुली-कण्हेरीच्या घरातली, म्हणून तो चीक. पण गोड पानावर टोचलेली लाल चेरी बहुतेक वेळा आपलंच करवंद असतं, पाकात मुरवून रंगवलेलं, हे सांगितल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मग पाच करवंदं ताटलीत ठेवून आमचा लहानपणीचा खेळ मांडला. कोंबडा की कोंबडी? चावायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. मुलगा दोनदा हरला. सासूबाई आधी नको म्हणाल्या, मग "कोंबडा" म्हणत एक अख्खं तोंडात टाकलं. चावल्या, थांबल्या. कोंबडा होता का, ते सांगायला तोंड उघडेना. चीक कवळीला बसला होता. हाताने खूण करत त्या मोरीकडे गेल्या आणि आतून नळाच्या आवाजातच ऐकू आलं, "सांगतलं होतं ना, रानातलं हाय म्हनून!"