वरची पाच सेंटीमीटर

खाण खोदताना काढलेली माती नंतर उघड्या जमिनीवर परत पसरायची, म्हणजे तिच्यातल्या बियांतून झाडोरा पुन्हा उगवतो. बी किती जिवंत उरलंय ते पाहायला खाणीच्या कडेला दोन वर्षं पडून असलेल्या ढिगातली माती ट्रेमध्ये पसरली, रोज पाणी शिंपडलं. सहा आठवड्यांत उगवलं काय, तर चार रोपं. त्यातली तीन तण! शेजारच्या न उकरलेल्या जमिनीवरून खरवडलेल्या मातीत मात्र हिरवी लव दाटली होती.

कोरड्या प्रदेशात जिवंत बी बहुतेक वरच्या पाचेक सेंटीमीटरमध्येच असतं. यंत्राने अर्धा मीटर एकदम उचललं की ते खालच्या मातीत हरवतं. ढिगात ओल धरली की कुजतं. काही बियांचं कवच इतकं टणक, की सँडपेपरवर घासल्याशिवाय पाणी आत शिरत नाही (माझी बोटं अजून सोलपटलेली आहेत). काहींना धूर दाखवावा लागतो, तेव्हा ती रुजतात.

माती काढाल ती लगेच पसरा, हे मी किती वेळा सांगितलं होतं!