पिशवीतली झाडं

मे महिन्यातल्या त्या संध्याकाळी नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या एका सोसायटीतून फोन आला. "तुमची दोन झाडं पडली, एक स्कूटरवर आलंय." झाड जगलं की सोसायटीचं, पडलं की माझं. वीस वर्षं हेच ऐकतोय.

सोसायट्यांच्या बागा करतो मी. लोकांना वाटतं, हे काम म्हणजे लॉन आणि कुंड्या. निम्मं काम असतं बिल्डरचा राडारोडा उपसायचं. वरून वीतभर लाल माती, खाली विटांचे तुकडे, सिमेंटची रिकामी पोती, कधी अख्खा कमोड. उरलेलं निम्मं मीटिंगमध्ये जातं. सावली सगळ्यांना हवी, पालापाचोळा कुणालाच नको. सप्तपर्णी लावा म्हणणारेच ऑक्टोबरात ती फुलली की वासाने डोकं उठतं म्हणून तक्रार करतात.

पडलेले दोन्ही सोनमोहोर होते, पंधरा-पंधरा फूट. तीन वर्षांपूर्वी कंपाउंडच्या कडेने अशी 24 झाडं आम्ही लावली होती. राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकने आणलेली. तिकडची नर्सरीची माती चिकट. मुळांभोवतीचा मातीचा गोळा प्रवासात फुटत नाही म्हणून व्यापाऱ्याला सोयीची, पण आपल्याकडे खड्ड्यात तशीच ठेवली तर उन्हाळ्यात विटेसारखी होते, पाणी बाजूने निघून जातं. म्हणून मी तीन बाय तीन बाय तीन फुटांचा खड्डा घ्यायला लावतो, मुरूम बाहेर, आत पोयटा, शेणखत, निंबोळी पेंड. पिशवी ब्लेडने उभी चिरायची, गोळा कडेने खरवडायचा, गोल फिरलेली मुळं छाटायची. हे मी प्रत्येक मुकादमाला घोकून सांगतो.

पडलेल्या झाडाच्या बुडाची माती सळईने झाडली तर हिरवं कापड दिसलं. ताडपत्रीसारखी ती नर्सरीची पिशवी, शिवणीसकट. मुळं आत दोरीच्या गुंडाळीसारखी बसलेली, चार-पाच बारीक मुळं तेवढी बाहेर आली होती. बादलीतून उपडं काढावं तसं झाड निघालं होतं. ते वाऱ्याने पडलं नव्हतं, ते कधी उभंच राहिलं नव्हतं.

त्या वर्षी मजुरी नगावर ठरली होती. जितकी झाडं, तितके पैसे. ठरवली मीच. आणि लावणीचे ते दोन दिवस मी गंगापूर रोडच्या दुसऱ्या साइटवर होतो.

सेक्रेटरीकाका छत्री घेऊन आले. "वादळच तसं होतं, नाही का हो?"

"हो ना," मी म्हणालो, आणि पायाने कापडावर माती लोटली.

उद्यान विभागाला कळवलं, फोटो काढले, फांद्या उचलल्या. सोसायटीचे माळीमामा बाजूला उभे होते. पेठ तालुक्याकडचे, बोलणं कमी. सगळे गेल्यावर म्हणाले, "साहेब, मी त्या वख्ताला मुकादमाला इचारलं व्हतं, पिशवी फाडायची ना? तो म्हणला, कुजून जाती ती."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुमी आले कवा?"

रविवारी पहाटे मामांना घेऊन उरलेली 22 झाडं तपासली. बुडाशी हातभर उकरायचं, कापड लागलं की थांबायचं. 13 ठिकाणी लागलं. आता पूर्ण काढता येत नाही, मुळं विणीतून आरपार गेलीत. जमेल तिथे कोयत्याने उभे चिरे दिले, गाळलेली माती आणि खत भरलं, बांबूचे तीन-तीन टेकू बांधले, सुतळी आठाच्या आकड्यात, सालीला काचणार नाही अशी. यातली किती तगतील, पुढच्या वादळाला कळेल.

काकांनी विचारलं तर सांगितलं, खत घालतोय, पैसे नको. त्यांनी ग्रुपवर माझा फोटो टाकून आभार मानले, खाली 41 जणांनी हात जोडले. स्कूटरचा खर्च सोसायटीने केला. मामा त्या ग्रुपवर नाहीत.