हरकत, विरोध, वाद, भांडण: इंग्रजीत कुठे काय?

रस्ता रुंदीकरणाची नोटीस निघाली, असं धरू. मुदतीत लेखी हरकत नोंदवली, तर ते 'ऑब्जेक्ट' करणं. प्रस्ताव मंजूरच होऊ नये म्हणून सभा-मोर्चे केले, तर 'अपोज'. मोजणीवाले आले आणि खुंट्या ठोकू दिल्या नाहीत, तर 'रिझिस्ट'. मराठीत तिन्हीकडे 'विरोध' खपून जातो, पण इंग्रजीत नाही.

खरी गडबड पुढच्या शब्दात होते. 'ऑब्जेक्ट'नंतर 'टू' हवा आणि त्यापुढे क्रियापद आलं तर आयएनजीवालं रूप: 'दे ऑब्जेक्टेड टू पेइंग'. 'टू पे' चूक. 'अपोज'ला मात्र काहीही लागत नाही. आपल्या डोक्यात 'च्या विरोधात' घोळत असतं, म्हणून हात 'अपोज्ड अगेन्स्ट द प्लॅन' लिहून मोकळा होतो. 'दे अपोज्ड द प्लॅन' एवढंच पुरे. 'दे आर अपोज्ड' म्हटलंत की मग 'टू' आलाच. 'रिझिस्ट'चंही तसंच: क्रियापद कोरडं, पण नाम 'रेझिस्टन्स टू द प्लॅन'. हे नियम पाठ करण्यापेक्षा अख्खं वाक्यच तोंडात बसवलेलं बरं.

'डिस्प्यूट' म्हणजे हक्काचा, निकाल लागायचा असलेला वाद. म्हणून नद्यांच्या पाण्यासाठीच्या १९५६ च्या कायद्याच्या नावात 'डिस्प्यूट्स' आहे. 'क्वारल' ओळखीच्या माणसांतलं, तोंडी. 'फाइट'मध्ये हातघाईही आली. त्यात 'फाइट विथ' दुहेरी आहे: दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैनिक 'फॉट विथ द ब्रिटिश' म्हणजे त्यांच्या बाजूने, त्यांच्याशी नव्हे. शंका असेल तिथे 'अगेन्स्ट' किंवा 'अलाँगसाइड' लिहावं.

'कॉन्फ्लिक्ट' सगळ्यांत पसरट. १९४९ च्या जिनिव्हा करारांत 'वॉर'च्या जोडीला 'आर्म्ड कॉन्फ्लिक्ट' आहे, म्हणजे युद्ध जाहीर केलेलं नाही म्हणून कुणाला सुटता येत नाही. एकाच वेळी आलेल्या दोन बैठकाही 'कॉन्फ्लिक्ट' करतात. मात्र एक साक्षीदार ट्रक उभा होता म्हणतो आणि दुसरा म्हणतो धावत होता, तर ते 'कॉन्ट्राडिक्ट': दोन्ही खरं असूच शकत नाही. 'कॉन्फ्लिक्ट'च्या उच्चारात नामाला जोर 'कॉन्'वर, क्रियापदाला 'फ्लिक्ट'वर.

आणि 'ऑपोझिट पार्टी' म्हणजे ग्राहक आयोगातला सामनेवाला. विधानसभेतला विरोधी पक्ष 'ऑपोझिशन पार्टी'.