गाडीतल्या लाकडाला तेल पाजू नका

बेळगावात जुन्या गाड्यांचा नाद असलेली माणसं काही कमी नाहीत. इंजिन कुणाकडं न्यायचं, कार्ब्युरेटर कोण चांगला बसवतंय विचारलं की लगेच चार नावं मिळतात. पण आतल्या लाकडाचं विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर, तेल लाव की थोडं, चमकतंय बघ कसं. कुणी खोबरेल सांगतंय, कुणी जवसाचं, कुणी डॅशबोर्डवर मारायचा स्प्रे. हे ऐकलं की खरंच जीव तुटतो माझा, म्हणून सगळं एकदा लिहून काढतोय.

आमच्या काकांची मर्सिडीज ई 220 आहे, डब्ल्यू 124 म्हणतात त्या मॉडेलची, पुण्यात 1995 पासून या गाड्या जोडायला लागले त्या काळातली. गिअरच्या भोवती आणि ॲश ट्रेच्या झाकणावर झेब्रानो लाकूड आहे. कॅमेरून, गॅबॉनकडचं झाड ते, फिकट तपकिरी अंगावर काळपट बारीक सरळ रेघा. काका अजूनही सिग्नलला थांबले की त्यावरनं बोट फिरवतात.

आता मुद्दा असा की ते दिसायला लाकूड असलं तरी आपल्या घरातल्या सागवानी दारासारखं भरीव नाही. अर्धा मिलिमीटरच्या आसपास जाडीचं विनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, खाली चिकटवलेला बेस आणि वरनं लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वॉर्निशसारखा जाड थर. तेल लावलं तर ते लाकडापर्यंत पोचतच नाही, वरच बसतंय, धूळ धरतंय, चिकट होतंय. आणि लॅकरला कुठं तडा असेल तर त्यातनं आत जाऊन डाग पाडतंय, मग पुढं पॉलिश करायला घेतलं की त्या जागी नवीन थर धरत नाही. सिलिकॉनवाले स्प्रे तर त्याहून वाईट, नंतर क्लिअर, म्हणजे नवीन पारदर्शक थर, मारला की माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. मॉरिस मायनर ट्रॅव्हलरची गोष्ट वेगळी, 1953 ते 1971 पर्यंत निघालेली ती गाडी, तिचा मागचा सांगाडाच ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाचा आणि तोही बाहेर उघड्यावर, पावसात भिजणारा. तिथं लाकडाला तेल-वॉर्निश लागतंयच, सांधे कुजले तर गाडीचा मागचा भागच ढिला होतोय. तो सल्ला उचलून आतल्या विनिअरला लावायचा नसतो.

म्हणजे जपायचं काय, तर लॅकर. लॅकर शाबूत तर लाकूड शाबूत.

आणि आमच्याकडची हवा त्या लॅकरची परीक्षाच बघते. जांबोटी, कणकुंबीकडं पावसाळ्यात कपाटातल्या चपलेला सुद्धा बुरशी येते, आणि त्याच जिल्ह्यात अथणीकडं गेलं की पाऊस निम्म्याहूनही कमी आणि एप्रिलचं ऊन नुसतं भाजून काढणारं. लाकूड ओल पिऊन आडवं फुगतंय, कोरड्या हवेत परत आवळतंय, वरचा लॅकर मात्र तेवढा ताणला जात नाही, त्यात बंद गाडीत काचेखाली ऊन साठून डॅशबोर्ड हात लावू देत नाही इतका तापतो. मग तडे जातात. ऊन तर विनिअरचा रंगही खातंय आणि लॅकर पिवळा करतंय.

सुरुवात कुठनं होते ते बघायचं असेल तर ॲश ट्रेचं झाकण उघडा आणि उजेडात तिरकं धरा. कडेला, जिथं लॅकर वळून खाली जातो तिथं तो सगळ्यात पातळ असतो. आधी केसाएवढी रेघ दिसते, नखाला लागतसुद्धा नाही. मग त्या रेघेच्या बाजूनं पांढुरकी झाक येते, म्हणजे आत हवा शिरली, लॅकर सुटायला लागला. या टप्प्याला धरलं तर काम छोटं असतंय. एकदम पातळ सुपरग्लू टाचणीच्या टोकानं रेघेत सोडायचा, केशाकर्षणानं तो आपोआप आत ओढला जातो, पूर्ण वाळला की दोन हजार नंबरच्या बारीक वॉटर पेपरनं पाण्यात हलकं घासून पॉलिशच्या कंपाउंडनं चमक आणायची. एवढंच. वर्षभर तसंच सोडलं तर पापुद्रा उचलतो, मग सगळं काढायलाच लागतंय.

सगळं काढायचं म्हटल्यावर माणूस नीट बघून घ्या. फर्निचरवाले फ्रेंच पॉलिश मारून देतो म्हणतात, दिसतंय सुंदर, पण ती चपडा लाख, उष्णतेनं मऊ पडते आणि पाण्यानं पांढरी होते, गाडीत टिकत नाही. गाडीच्या बॉडीवर मारतात तो हार्डनर मिसळायचा टू के पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर, पातळ पातळ थरांनी, हेच बरं. आमच्या ओळखीच्या पॉलिशवाल्या मामांनी पहिल्यांदा तुकडा हातात घेतला, कड बघितली आणि म्हणाले, "अण्णा, हे लाकूड न्हवं, कागद हाय. मशीन लावलं की संपलं." त्याच क्षणी मला पटलं की काम यांच्याकडंच द्यायचं. जुना लॅकर त्यांनी गरम करून पातीनं हळूहळू सोडवला, सँडर, म्हणजे घासायचं मशीन, हातात धरलाच नाही.

रोजचं म्हणाल तर फार काही नाही. ओलसर मायक्रोफायबर, मागनं लगेच कोरडं कापड, कधीतरी कार्नोबा वॅक्सचा हात. काचेचा अमोनियावाला क्लीनर आणि सॅनिटायझर लाकडापासनं लांब. सेंटची बाटली तर अजिबात ठेवू नका, सांडली की तिथला लॅकर मऊच पडतो. पावसाळ्यात प्लॅस्टिकची ताडपत्री घालू नका, आत ओल कोंडते, कापडी कव्हर घाला आणि उघडीप मिळाली की सावलीत दारं उघडी ठेवा. उन्हाळ्यात पुढच्या काचेला सनशेड, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि एक विनंती. तडे गेले म्हणून मूळ तुकडे फेकून वर लाकडाच्या प्रिंटचं स्टिकर चिकटवायलेत काहीजण, तसं करू नका. सगळे तुकडे एकाच रंगात आणि रेघेत जुळवलेले असतात, एक गेला की जोड मिळणं अवघड. खानापूर, निपाणी, चिकोडी साईडला कुणाकडं मोडीतल्या डब्ल्यू 124 चं झेब्रानो पडून असेल, फुटकं असलं तरी चालेल, तर कळवा. काकांच्या गाडीला गिअरजवळचा एक तुकडा हवाय, येऊन घेऊन जातो.