फॉर्म भरण्याआधीचा तक्ता

कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात एकाच विद्यार्थ्याची तीच माहिती वर्षभर पुन्हा पुन्हा लिहावी लागते. प्रवेश अर्ज, ओळखपत्र, बोनाफाईड, एसटीच्या सवलत पासासाठीचे पत्र, शिष्यवृत्ती, बोर्डाच्या परीक्षेचा अर्ज आणि शेवटी महाविद्यालय सोडल्याचा दाखला, या सगळ्यांत नाव, जन्मतारीख, आधार आणि बँक खाते हेच घटक फिरत असतात. म्हणून एक्सेलच्या तक्त्यातून हे फॉर्म आपोआप भरून घ्यावेत, ही इच्छा स्वाभाविक आहे आणि त्यासाठीची साधनेही बहुतेक फुकट उपलब्ध आहेत. मी हे काम बरीच वर्षे करत आलो आहे. फॉर्म भरणारी आज्ञावली हा या कामाचा लहानसा भाग असतो. खरे काम त्याआधी तक्त्यातच होते, असे माझे ठाम मत आहे. तक्ता नीट असेल तर कोणतेही साधन चालते आणि तो बिघडलेला असेल तर यंत्र तीच चूक शेकडो फॉर्मांवर काही मिनिटांत पसरवते.

सुरुवात आकड्यांच्या रकान्यांपासून करावी. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच अचूक ठेवते. १६ अंकी खाते क्रमांक टाकला की त्याचा शेवटचा अंक शून्य होतो आणि नंतर रकान्याचे स्वरूप बदलले तरी तो परत मिळत नाही. खाते क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर ते शून्य गळून पडते. १२ अंकी आधार क्रमांक अचूक साठवला जातो, परंतु साध्या स्वरूपात तो दशांशचिन्ह आणि ‘ई’ या अक्षरासह दिसतो, आणि तक्ता सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेली साधी मजकूर फाईल) म्हणून जतन केला तर फाईलमध्येही तसाच उतरतो. यावर उपाय एकच आहे: आधार, खाते, मोबाईल, पिनकोड हे रकाने माहिती भरण्याआधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवावेत. ज्यांची कधी बेरीज होणार नाही, त्यांना संख्या मानण्याचे कारणच नाही.

याच रकान्यांची तपासणीही तक्त्यातच करता येते. बँकेची शाखा ओळखणारा आयएफएससी संकेतांक ११ वर्णांचा असतो, पहिली चार अक्षरे बँकेची आणि पाचव्या जागी नेहमी शून्य. पासबुक पाहून टाईप करताना त्या शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ अक्षर फार वेळा पडते, म्हणून लांबी आणि पाचवा वर्ण पाहणारे एक सूत्र शेजारच्या रकान्यात कायम ठेवावे. आधारचा शेवटचा अंक आधीच्या ११ अंकांवरून व्हर्होफ या गणिती पडताळणी पद्धतीने काढलेला असतो. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक एकमेकांच्या जागी गेले, तर ही पद्धत ते हमखास पकडते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत ही तपासणी मोजक्या ओळींत बसते आणि ती प्रत्येक कार्यालयात असावी असे मला मनापासून वाटते, कारण एका चुकीच्या अंकामुळे एखाद्या मुलीची शिष्यवृत्ती महिनोन्‌महिने अडकते आणि तिच्या वडिलांना मजुरी बुडवून खेपा घालाव्या लागतात.

तारखांचा घोटाळा अधिक फसवा असतो, कारण तो सहज नजरेस येत नाही. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकी असेल तर आपण टाकलेली ३/४/२००९ ही तारीख ३ एप्रिलऐवजी ४ मार्च म्हणून साठवली जाते. १७/६/२००९ मध्ये मात्र सतरावा महिना नसल्यामुळे एक्सेल तिला तारीख मानतच नाही आणि मजकूर म्हणून सोडून देते. परिणामी एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे सरकलेल्या आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसतात. अशी दुफळी दिसली की डावीकडच्या तारखा बरोबर आहेत आणि उजवीकडच्यांमध्ये दिवस व महिना उलटले आहेत, असे समजून संपूर्ण रकाना जनरल रजिस्टरशी (विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या मूळ वहीशी) ताडून पाहावा. आम्ही दिवस, महिना आणि वर्ष तीन वेगळ्या रकान्यांत घेतो आणि पूर्ण तारीख सूत्राने जोडतो. टाईप करणाऱ्याला थोडे जास्त श्रम पडतात, परंतु शंकेला जागा उरत नाही.

नावांचा प्रश्न मराठी कार्यालयांचा खास आपला आहे. जुनी यादी श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये असेल, तर ती आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतांत, आणावी लागते आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावी लागतात. युनिकोडमध्येही ‘कऱ्हाडे’ किंवा ‘बोऱ्हाडे’ ही आडनावे दोन-तीन प्रकारे साठवली जाऊ शकतात: कोणी साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह टाकतो, तर कोणाच्या कळफलकावर स्वतंत्र ‘ऱ’ असतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात, पण एका तक्त्यातले नाव दुसऱ्यात शोधायला गेले की सूत्र ‘सापडले नाही’ असे उत्तर देते. म्हणून दोन तक्ते नावाने कधीही जोडू नयेत. जनरल रजिस्टर क्रमांकाने जोडावेत. तसेच नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि आईचे नाव यांसाठी स्वतंत्र रकाने असावेत, कारण एक फॉर्म आडनाव आधी मागतो आणि दुसरा शेवटी.

इथपर्यंत आले की फॉर्म भरणे उरते. बोनाफाईड आणि दाखल्यासाठी वर्डमधील मेल मर्ज, म्हणजे एका नमुना पत्रात तक्त्यातील प्रत्येक ओळीची माहिती भरणारी सोय, पुरेशी आहे. त्यात एक्सेलमधली तारीख बहुधा अमेरिकी क्रमाने उतरते, म्हणून तारीख जिथे उतरते त्या जागेच्या संकेतात (फील्ड कोडमध्ये) तारखेचा साचा लिहून द्यावा लागतो. महिन्यासाठी मोठ्या लिपीतला ‘एम’ लिहायचा, कारण छोट्या लिपीतला ‘एम’ मिनिटे दाखवतो. दाखल्यावर जन्मतारीख अक्षरीही हवी असते. मराठीत १ ते ९९ पर्यंतची प्रत्येक संख्या स्वतंत्रपणे शिकावी लागते, त्यामुळे इंग्रजीसारखा दशक आणि एकक जोडण्याचा नियम इथे लागू पडत नाही. वेगळ्या शीटवर एकदा संख्यांची यादी लिहून ठेवली आणि शोधसूत्राने तिथून शब्द उचलला की ‘सतरा जून दोन हजार नऊ’ आपोआप तयार होते. ही यादी शुद्धलेखन जाणणाऱ्या शिक्षकांकडून तपासून घ्यावी, एवढीच माझी विनंती.

भरता येणारी पीडीएफ असेल तर तिच्यातील प्रत्येक चौकटीला आतून एक नाव असते. ते अनेकदा ‘टेक्स्ट१’, ‘टेक्स्ट२’ असे निरर्थक असते, म्हणून प्रत्येक चौकटीत तिचेच नाव भरून एक नमुना छापावा आणि तो समोर ठेवून रकान्यांची जोडणी करावी. पीडीएफटीके किंवा पायथनच्या पायपीडीएफसारख्या साधनाने पुढचे काम होते. टिकमार्कच्या चौकटींना ‘होय’ म्हणून कोणते मूल्य द्यायचे हे फॉर्म बनवणाऱ्याने ठरवलेले असते, ते आधी वाचून घ्यावे लागते. मराठी मजकुराची अडचण मात्र मोठी आहे. चौकटीला नेमलेला फॉन्ट बहुधा हेल्व्हेटिका असतो, त्यात देवनागरी अक्षरेच नसतात. आणि देवनागरी फॉन्ट दिला तरी ‘क्षितिज’मधील वेलांटी आणि जोडाक्षर जागच्या जागी बसतीलच असे नाही. अशा वेळी लिबरऑफिस या मोफत कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये फक्त मजकुराचे पान तयार करून ते मूळ फॉर्मवर चढवणे, हा मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

गूगल फॉर्मसाठी आधी भरलेला दुवा बनवण्याची सोय आहे. त्या दुव्यातील प्रत्येक प्रश्नाच्या जागी तक्त्यातील मूल्य सूत्राने जोडता येते आणि प्रत्येक विद्यार्थ्याला त्याचा स्वतंत्र दुवा मिळतो. ही पद्धत मला विशेष प्रिय आहे, कारण यात माहिती यंत्र भरते आणि ती वाचून ‘सबमिट’ मात्र विद्यार्थी स्वतः करतो.

सरकारी संकेतस्थळांवर कॅप्चा आणि ओटीपी असतात ते याच कारणासाठी, की तिथे माणूस बसलेला असावा. त्यांना बगल देणारी साधने वापरू नयेत. जिथे अधिकृतपणे फाईल स्वीकारली जाते तिथे मात्र तोच मार्ग धरावा. भविष्य निर्वाह निधीची मासिक ईसीआर फाईल (कर्मचाऱ्यांच्या वर्गणीचे विवरण) हे त्याचे उत्तम उदाहरण आहे: प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी एक ओळ, ठरलेल्या क्रमाने ११ घटक आणि त्यांच्यामध्ये ठरलेली विभाजक चिन्हे. एक्सेलमधील एका जोडसूत्राने ती तयार होते. जीएसटीच्या विवरणांसाठीही ऑफलाईन साधन एक्सेलमधून माहिती उचलते. शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी महाविद्यालयांना अशी सोय मिळाली, तर कार्यालयांचे आणि विद्यार्थ्यांचेही कितीतरी हाल वाचतील.

हा सगळा तक्ता म्हणजे मुलांची खासगी माहिती आहे आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ती जपण्याची जबाबदारी आपल्यावर टाकली आहे. फॉर्म भरून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवर हा तक्ता चढवू नये आणि व्हॉट्सॲपच्या गटात तर मुळीच टाकू नये. आमच्याकडे प्रत्येक विद्यार्थ्याच्या ओळीची एकपानी छापील प्रत पालकांना वाचायला दिली जाते, त्यांच्या स्वाक्षरीनंतर ती ओळ कुलूपबंद होते आणि मगच पहिला फॉर्म निघतो. पुढे एखाद्या फॉर्मवर चूक आढळली तर तो फॉर्म हाताने खोडून दुरुस्त करायला मनाई आहे. दुरुस्ती तक्त्यात करायची, तिची तारीख शेजारच्या रकान्यात लिहायची आणि फॉर्म नव्याने काढायचा.